शेवट गोड असलेलं अपयश हवंय

फोन आला तेव्हा मी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर बसच्या रांगेत उभी होते. एका महिला मंडळाच्या कार्यकर्त्या बोलत होत्या. आवाजात उत्साह, मागे कुणीतरी तबला जुळवत असल्याची ठकठक. महिला दिनाला ‘अपयशातून यशाकडे’ असा कार्यक्रम ठेवलाय, तीन-चार उद्योजिका बोलणार आहेत, तुमचं नाव तुमच्याच सोसायटीतून कळलं. “तुमचं नौपाड्यात पोळीभाजी केंद्र होतं ना? ते बंद पडलं ना?” बंद पडल्याचा उल्लेख इतक्या आनंदानं कुणी केलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. हो म्हटलं. “वा, छान! मग नंतर काय सुरू केलंत?” काही नाही, आता नोकरी करते, औषधांच्या एका होलसेलरकडे बिलिंग बघते. “अच्छा... म्हणजे सध्या स्वतःचं असं काही नाही?” नाही. “घरून मसाले, लोणची, ऑनलाइन वगैरे?” नाही हो. थोडा वेळ नुसता तबला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, “बरं, अध्यक्षांना विचारून कळवते हं.” त्या कळवणार नाहीत हे मला बस यायच्या आतच कळलं होतं.

त्यांचा राग नाही आला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. खुर्च्या भाड्यानं आणायच्या, हॉलचे पैसे भरायचे, नाश्त्याला बटाटेवडे सांगायचे, आणि व्यासपीठावर कुणी येऊन सांगणार काय, तर आमचं बुडालं, नमस्कार? लोकांना अपयश ऐकायला आवडतं, पण त्याचा शेवट गोड असावा लागतो. तरीही ते ‘अच्छा’ पुढे बरेच दिवस कानात राहिलं. कारण त्यात एक प्रश्न होता, जो मीच मला कधी नीट विचारला नव्हता. पुढे काही झालंच नसेल, तर माणूस शिकला असं म्हणायचं की नाही?

अशा कार्यक्रमांत एक गोष्ट हमखास असते. १० ऑगस्ट १९७९ ला इस्रोचं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, तेव्हा पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा मात्र त्यांनी पुढे केलं प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या कलामांना. मुलीच्या शाळेत ऐकली, सोसायटीच्या झेंडावंदनाला ऐकली, एका लग्नात वरपित्याच्या भाषणातही ऐकली. गोष्ट सुंदरच आहे. पण आमचा गाळा बंद झाल्यावर ती ऐकताना माझं लक्ष भलतीकडेच जायला लागलं. त्या मधल्या अकरा महिन्यांत कलामांचा पगार चालू होता, आणि दुसरं रॉकेट बांधायला पैसे होते. आमच्याकडे दुसरं रॉकेट नव्हतं. एफडी एकच होती, ती मोडली होती.

केंद्र मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मिळून काढलं होतं. वहिनींच्या हाताला चव, आणि मला हिशेबाची आवड, एवढं भांडवल. बाकीचं बँकेतून. गाळा गोखले रोडवरून आत वळल्यावर, गल्लीत. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याच्या निम्म्या भाड्यात मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. पहाटे शटर वर केलं की आत कोंडलेला कालच्या फोडणीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास यायचा. मग पोळ्या करणाऱ्या मावशी येऊन परातीत पीठ घ्यायच्या. किलोला तीस-बत्तीस पोळ्या, पोळीमागे ठरलेले पैसे. त्यांच्या हातात मी कधी कालथा पाहिला नाही. तव्यावरची पोळी तीन बोटांनी उचलायच्या, उलटायच्या, आणि पुढची लाटायला घेताना डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसायच्या. ते मनगट कपाळाला लागलं की समजायचं, एक पोळी झाली. साडेसहाला मेथी निवडणारी मुलगी यायची, सातला वहिनींची पहिली फोडणी, आणि त्या फोडणीच्या ठसक्यानं समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा खिडकी लावून घ्यायचे. नंतर तेच आमचं पक्कं गिऱ्हाईक झाले, हा भाग वेगळा.

संध्याकाळी स्टेशनकडून माणसांचा लोंढा यायचा. नऊपर्यंत नुसती पाठीवरच्या सॅकांची रांग. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघायची. लोंढा सरळ जायचा. डोंबिवलीच्या गाडीत दारात लोंबकळून ठाण्याला उतरलेली बाई दोन रुपयांनी स्वस्त पोळीसाठी वाट वाकडी करत नाही. ती रस्त्याला लागून जे दिसेल ते घेते आणि घरी जाते. निम्मं भाडं होतं ते त्या एका वळणाचं. हे आज मी एका वाक्यात सांगते. तेव्हा कळायला खूप दिवस गेले, आणि कळल्यावर मान्य करायला त्याहून जास्त.

वहीतला गल्ला मात्र वाईट दिसत नसे. तीच तर गंमत. रोज रात्री मी लांबड्या वहीत आकडे लिहायची: आलेले, गेलेले, हातात उरलेले. काहीतरी उरलेलं असायचंच. त्यात वहिनींनी ओट्यापाशी काढलेला दिवस कुठे लिहिलेला नव्हता, माझाही नाही. घरची माणसं, त्यांचा कसला पगार? मावशींचे पैसे खर्चात, भांडी घासणाऱ्या मुलाचे खर्चात, आणि आम्ही दोघी फुकट. दोघींना साधा पगार धरला असता तर धंदा पहिल्याच महिन्यात तोट्यात दिसला असता. अनेक घरगुती उद्योग असेच ‘छान’ चाललेले असतात, हे माझं आता ठाम मत आहे. कुणाच्या तरी बायकोच्या पाठदुखीवर ते चालतात.

२०१९ चा गणपती मला तपशिलानं आठवतो. गौरी-गणपतीच्या ऑर्डरींनी भिंतीवरचा कागद भरला होता, आणि ४ सप्टेंबरला पावसानं लोकल ठप्प केली. त्या दिवशी भाजीची पातेली तशीच राहिली. स्टेशनकडून येणारंच कुणी नव्हतं. मावशींनी रात्री ती पातेली रिकामी केली, काही वॉचमनला, काही त्यांच्या वस्तीत, उरलेलं कचऱ्यात. दोन दिवसांनी पुन्हा पुरणाच्या वासानं गल्ली भरली आणि आम्ही पातेली विसरलो. सणाचा गल्ला फार फसवा. चार दिवस रांग लागली की वर्षभराचं सगळं चाललंय असं वाटायला लागतं. ६ सप्टेंबरच्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या तयारीसाठी आम्ही तिघी उशिरापर्यंत गाळ्यात होतो. गुळाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरणार होतं. दोन वाजायच्या सुमाराला पडद्यावरची ती रेघ थांबली. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, नंतर संपर्क तुटला, असं इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितलं. मावशींनी हातातलं पुरण खाली न ठेवता विचारलं, “पडलं का?” वहिनी म्हणाल्या, अजून कळत नाही म्हणताहेत. “म्हंजे पडलं,” मावशी म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

आमचंही तेव्हा पडतच होतं. डिसेंबरात कांदा शंभराच्या वर गेला. पोळीभाजी केंद्रात कांदा कशात नसतो? वहिनींनी वाटणात कोबी मिसळून पाहिला, तो गिऱ्हाइकांना पहिल्याच घासाला कळला. भाव वाढवायची हिंमत झाली नाही. घरपोच जेवण नेणाऱ्या एका ॲपवर नाव नोंदवलं होतं. ते बिलाचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून घ्यायचं, आणि तिथला खप वाढेल तसतसा आमचा तोटाही वाढायचा. संक्रांतीच्या गुळपोळ्या विकल्या, गाळामालकाला नोटीस दिली, आणि जानेवारी संपता संपता सामान काढायला सुरुवात केली.

जुनं हॉटेलचं सामान घेणारा माणूस आला. त्यानं स्टीलच्या काउंटरवर बोटाच्या पेरानं टकटक केली, वाकून खालची बाजू पाहिली, खिशातून एक छोटंसं लोहचुंबक काढलं आणि काउंटरला लावलं. ते चटकन चिकटलं. “हलका माल आहे ताई. चांगल्या स्टीलला हे धरत नाही.” मग त्यानं सगळं वजनावर घेतलं. काउंटर, परात, वहिनींच्या आवडीचं मोठं पातेलं, ज्यात त्या आमटी करायच्या. काट्यावर पातेलं चढलं तेव्हा वहिनी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पैसे मोजून घेताना माझ्या मनात तोट्याचा विचार नव्हता. ते चुंबक आपल्याकडे आधी का नव्हतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि मग मार्च आला.

२२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून टाळेबंदी. गोखले रोडवर मी आयुष्यात कधी न पाहिलेली शांतता. अख्ख्या जगाचं शटर खाली आलं आणि आमचं त्यात मिसळून गेलं. पुढे कुणी भेटलं की आपणहून म्हणायचं, “अरेरे, लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ना तुमचं?” सुरुवातीला मी दुरुस्ती करायची, नाही, आधीच. नंतर सोडून दिली. लोकांना ती तारीख सोयीची वाटत होती आणि खरं सांगायचं तर मलाही. सहानुभूती आयती मिळत होती, वर कुणी काही विचारत नव्हतं. पण त्याची किंमत उशिरा कळली. महामारीनं बुडालेल्या धंद्यातून शिकण्यासारखं काय असतं? काही नाही. ती तारीख दोन महिने पुढे सरकल्याबरोबर आमचा गल्लीतला गाळा, कोबीचं वाटण, न लिहिलेले दोन पगार, सगळं पुसलं गेलं.

बंद पडणं ठाण्याला नवीन नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती तिथे टॉवर उभे राहिले. माझे वडील वागळेतल्याच एका कंपनीत होते, ती त्यांच्या पन्नाशीत बंद झाली. घरात चणचण आली, बाबा वर्षभर मिळेल ते काम करत होते, पण ते खचले नाहीत. कंपनी मालकानं बुडवली, युनियननं ताणलं, सरकारनं बघितलं नाही, असं ते चहा पिताना खणखणीत आवाजात सांगायचे. त्यांचं काय चुकलं, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यातून काय शिकलात, हे तर नाहीच नाही. आता प्रत्येक माणूसच एक कंपनी झालाय; बुडाला की मालकही तोच, कामगारही तोच, आणि वर त्यानं व्यासपीठावर येऊन धडाही सांगायचा. बाबांचं दुःख आमच्याहून मोठं होतं, पण त्यांना ते वाटून घ्यायला चारशे माणसं होती.

वहिनी आणि मी यावर कधी बोललोच नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. दिवाळीला एकत्र फराळ करतो, एकमेकींच्या ताटात वाढतो, पण ‘गाळा’ हा शब्द आला की दोघींपैकी एक पाणी आणायला उठते. एकदा माझ्या मुलीनं त्यांना सरळच विचारलं, मोठी आई, तुला परत करावंसं वाटतं का? वहिनी म्हणाल्या, “मुळीच नाही. दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायला मला आवडत नाही, हे मला तिथेच कळलं. इतकी वर्षं आवडतं असंच वाटत होतं.” मी दारात थबकले. सगळ्या व्यवहारातला हा हिशेब माझ्या वहीत कुठेच नव्हता.

मला स्वतःला जे आलं ते फारच किरकोळ. नवं दुकान दिसलं की भाड्याला वडापावनं भागायची सवय लागली. घोडबंदर रोडला कुणी एसी लावून फक्त चहा विकायला बसलं की मी मनात म्हणते, बाबा रे, रोज किती कप? आमच्या गाळ्यात नंतर मोमोज आले, मग मोबाइलची कव्हरं, आता चष्म्याचं दुकान आहे. ते टिकेल असं वाटतं. चष्मा घ्यायला माणूस वाट वाकडी करतो.

मावशी पुन्हा भेटल्या त्या जांभळी नाक्याच्या मंडईत. मी त्यांना आधी ओळखलंच नाही, कारण त्या आता भाव करत होत्या, तेही खाली न बघता. मला बघून हसल्या. किसननगरला घरूनच पोळ्या देतात, लॉकडाऊनमध्ये वस्तीतल्या एकट्या पोरांसाठी सुरू केलं ते वाढलं, हाताखाली दोन बायका आहेत. चहा प्यायला थांबलो तेव्हा मी विचारलं, कसं जमवलंत? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं नाही, बोलता बोलता येत गेलं. पैसे आठवड्याचे, रविवारी, आधी. नंतर पीठ भिजतं. भाजी करायचीच नाही. “रातच्याला पातेली रिकामी करायला मीच जायचे की ताई, मला ठावं हाय किती उरायची. भाजी उरती. पोळी उरली तर चुरून पोरं खात्यात.” पावसाचा लाल इशारा मोबाइलवर आला की पीठ निम्मंच भिजवायचं. गाळा नाही. आणि स्वतःची मजुरी? “ती आदी बाजूला काडती. दोघी बायकांची द्येते तशी माजी बी. तुमी दोघी फुकट राबायच्या, माझ्या जिवाला लागायचं.”

चहा मी तसाच हातात धरून बसले. आमची शिकवणी चालू होती, आणि फी आम्ही भरत असताना धडा परातीपाशी बसलेल्या बाईनं घेतला होता. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. काहीतरी आपलं कुणी नेलं असं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की निदान ते कुठेतरी पोचलं. पुढे २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष सोमनाथ यांनी केलेला खुलासा वाचला: या खेपेला काय काय बरोबर होईल यावरून नव्हे, तर काय काय बिघडू शकेल यावरून आखणी केली होती. उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर होती ती ४ बाय २.५ किलोमीटर केली, इंधन वाढवलं, पाय जास्त वेगाचा आपटा सोसतील असे केले, मधलं पाचवं इंजिन काढूनच टाकलं. वाचताना मला मावशींचं निम्मं भिजवलेलं पीठ आठवलं.

गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. “पोरगा गाळा घ्यायचा म्हनतोय. तुमी येऊन बघा.” मला का? “तुमाला म्हाईत हाय नव्हं सगळं.” मी संध्याकाळी सातला येते म्हटलं, सकाळचा रस्ता खोटं बोलतो. गाळा ऐसपैस होता, नवीन लाद्या, रस्त्याला लागून. पण बसस्टॉप पलीकडच्या अंगाला, मध्ये दुभाजक. मी अर्धा तास उभी राहून इकडच्या फुटपाथवरून जाणारी माणसं मोजली, त्यात हातात आधीच पिशवी असलेली वेगळी. मुलगा चुळबुळत होता. पंचविशीचा, हुशार, मोबाइलवर पाटीचं डिझाइनसुद्धा करून आणलेलं. मी म्हटलं, या भाड्याला रोज इतक्या पोळ्या जायला हव्यात, आणि या बाजूला मला तितकी माणसं दिसत नाहीत.

“काकू,” तो म्हणाला, “तुमचं चाललं नाही म्हणून आमचं पण नाही चालणार का?”

मावशी त्याच्यावर वसकन ओरडल्या. मला लागलंच. पण घरी जाताना रिक्षात जे सुचायला हवं होतं ते तिथेच सुचलं: त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी मोजलेली माणसं खरी होती, आणि त्या आकड्याला बघून माझ्या पोटात आलेला गोळाही खरा होता, आणि यातलं अनुभव कुठलं नि नुसती भीती कुठली, हे मला त्या फुटपाथवर उभं राहून सांगता येत नव्हतं. कदाचित मी आता कुठलाच गाळा घेऊ देणार नाही कुणाला. त्याच्याकडे काही वर्षांची बांधलेली गिऱ्हाइकं होती, शिवाय मजुरी आधी बाजूला काढणारी आई होती. आमच्याकडे यातलं काही नव्हतं.

पर्समधून बिलबुक काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर भाडं, डिपॉझिट, लाइट, दोन बायकांची मजुरी, मावशींची मजुरी, त्याचीही मजुरी लिहिली, खाली रोजच्या पोळ्यांचा आकडा, आणि मी मोजलेली माणसं. घे किंवा नको घेऊस यातलं काही लिहिलं नाही. त्यानं कागद घेतला, दोनदा वाचला, ‘माझी मजुरी’ वर बोट ठेवून थांबला.

“डिपॉझिट कमी करून मागू?”

“माग. आणि करारात लॉक-इन किती महिन्यांचं आहे ते आधी विचार. सहाच्या वर असेल तर सही करू नकोस.”

“लॉक-इन म्हणजे?”

आम्ही तिथेच पायरीवर बसलो आणि मी त्याला सांगायला लागले.